दारावर पाटी नसलेले प्राध्यापक

अमेरिकेतील विद्यापीठांत शिकवणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक वर्ग ‘टेन्युअर’, म्हणजे कायमपणाची हमी मिळालेल्यांचा किंवा ती मिळण्याच्या वाटेवर असलेल्यांचा. दुसरा वर्ग या वाटेवर कधी घेतलाच न गेलेल्यांचा. हा दुसरा वर्ग आता बहुसंख्य आहे. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स (एएयूपी) या प्राध्यापकांच्या जुन्या संघटनेने केलेल्या मांडणीनुसार १९८७ मध्ये ४७ टक्के अध्यापक अस्थायी नेमणुकांवर होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. त्याच काळात पूर्णवेळ टेन्युअरधारक ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर घसरले. प्राध्यापक म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा, पुस्तकांनी भरलेल्या खोलीत बसलेला, नोकरीची काळजी नसलेला माणूस आज चौघांत जेमतेम एक आहे. उरलेल्यांना एकमेकांचा आधार कसा मिळतो, त्यांची संघटना कशी बांधली जाते आणि ती बांधणे इतके अवघड का असते, हा अमेरिकन उच्च शिक्षणातील गेल्या तीन-चार दशकांचा मोठा प्रश्न आहे.

टेन्युअरची कल्पना पगाराच्या शाश्वतीपेक्षा बोलण्याच्या मोकळिकीतून जन्मली. १९०० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एडवर्ड रॉस यांना सहसंस्थापक जेन स्टॅनफर्ड यांच्या आग्रहामुळे राजीनामा द्यावा लागला. रेल्वे कंपन्या आणि आशियाई स्थलांतरित मजूर यांच्याविषयी रॉस जाहीरपणे जे बोलत होते, ते जेन स्टॅनफर्ड यांना रुचत नव्हते. रॉस यांची वंशविषयक मते आज कोणी उचलून धरणार नाही. पण देणगीदाराच्या मर्जीवर प्राध्यापकाची नोकरी असावी का, हा प्रश्न त्या प्रकरणाने ऐरणीवर आणला. निषेध म्हणून राजीनामा देणाऱ्यांत आर्थर लव्हजॉय हे तत्त्वज्ञानाचे तरुण अध्यापक होते. पुढे १९१५ मध्ये एएयूपी स्थापन करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जॉन ड्यूई तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९४० मध्ये या संघटनेने महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर मिळून जे निवेदन काढले, ते आजही आधारभूत मानले जाते. उमेदवारीचा काळ सात वर्षांहून अधिक नसावा, त्या मुदतीत सहकाऱ्यांनी काम पारखून माणसाला कायम करावे किंवा निरोप द्यावा, आणि एकदा कायम केल्यावर सबळ कारणाशिवाय काढू नये, असा त्याचा आशय. ज्याला उमेदवार म्हणून घेतलेच नाही, त्याच्या बाबतीत मात्र हे घड्याळ सुरूच होत नाही. तो पंचवीस वर्षे शिकवू शकतो आणि पंचविसाव्या वर्षीही पुढच्या सत्राचे पत्र येईल की नाही, याची वाट पाहू शकतो.

असा वर्ग मुळात होता, पण छोटा होता. वकिलाने विधी महाविद्यालयात आठवड्यातून एकदा येऊन शिकवावे, वादकाने संगीत विभागात चार विद्यार्थी घ्यावेत, यासाठी ‘ॲडजंक्ट’ ही सोय होती. अशा माणसाचे पोट दुसऱ्या व्यवसायावर भरत असे आणि शिकवणे ही त्याची हौस किंवा प्रतिष्ठा असे. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थिसंख्या वेगाने वाढली, दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारी कम्युनिटी कॉलेजे गावोगावी उघडली आणि त्यांनी संध्याकाळच्या वर्गांसाठी तासांवर माणसे घेण्याचा सपाटा लावला. सत्तरच्या दशकात कायम जागांपेक्षा पीएच.डी. झालेल्यांची संख्या वाढली. राज्य सरकारांचा खर्चातील वाटा आटत गेला. पटसंख्येचा अंदाज चुकला तरी अंगाशी येऊ नये, अशी नेमणूक प्रशासनाला सोयीची वाटू लागली. १९९४ पासून प्राध्यापकांचे सक्तीचे निवृत्तिवय रद्द झाले, त्यामुळे जागा अडून राहिल्या, असेही सांगितले जाते. पण अस्थायी नेमणुकांची वाढ त्याच्या बरीच आधी सुरू झाली होती, त्यामुळे सगळा दोष म्हाताऱ्या प्राध्यापकांवर टाकता येत नाही.

या वर्गात सगळे एका पायरीवर नाहीत, आणि आधार द्यायचा म्हणजे कोणाला, हे ठरवताना तो फरक महत्त्वाचा ठरतो. लेक्चरर, टीचिंग प्रोफेसर, क्लिनिकल प्रोफेसर अशी पदनामे असलेले काहीजण पूर्णवेळ असतात. त्यांना आरोग्यविमा, खोली, कधी तीन किंवा पाच वर्षांचा करारही मिळतो. त्यांची तक्रार बढतीची वाट नसल्याची आणि विभागात मत नसल्याची असते. दुसरीकडे एकेका अभ्यासक्रमापुरते घेतलेले अर्धवेळ अध्यापक. २०२१ मध्ये अमेरिकेतील ४८ टक्के अध्यापक अर्धवेळ होते. खरी तंगी तेथे आहे. २०१० मध्ये झालेल्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत तीन क्रेडिटचा एक अभ्यासक्रम सत्रभर शिकवण्याचा मध्यम मोबदला २,७०० डॉलर निघाला. वर्षाला असे आठ अभ्यासक्रम मिळाले, तरी एकवीस-बावीस हजार डॉलरच हाती येतात. मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांची संस्था त्याच सुमारास एका अभ्यासक्रमाला किमान ६,८०० डॉलर द्यावेत, अशी शिफारस करत होती. बर्कलेच्या कामगारविषयक अभ्यास केंद्राने २०१५ मध्ये दाखवून दिले, की अर्धवेळ महाविद्यालयीन अध्यापकांची २५ टक्के कुटुंबे कोणत्या ना कोणत्या सरकारी मदत योजनेवर आहेत.

एका महाविद्यालयात एवढे अभ्यासक्रम मिळत नाहीत, म्हणून माणूस दोन-तीन ठिकाणी शिकवतो. कॅलिफोर्नियात अशांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात: सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, रात्री तिसऱ्या. पुस्तके, उत्तरपत्रिका आणि जेवणाचा डबा गाडीच्या मागच्या सीटवर. विद्यार्थ्याला भेटायला खोली नाही, म्हणून भेट कॉफीच्या दुकानात किंवा पार्किंगमध्ये. नेमणूक सत्र सुरू होण्याच्या काही आठवडे, कधी काही दिवस आधी कळते; पट भरला नाही, की तयारी केलेला अभ्यासक्रम रद्द होतो आणि त्या तयारीचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. नेमणूक इतकी उशिरा ठरते, की वेळापत्रकात अध्यापकाच्या नावाच्या जागी नुसते ‘स्टाफ’ असे छापलेले असते. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज सकाळी फाटकाशी उभा राहून कोण गैरहजर आहे याची वाट पाही. या अध्यापकांची फाटके ईमेलमध्ये असतात, एवढाच फरक.

अशा माणसांची आपसांत ओळख तरी कशी व्हावी? एकाच विभागात मंगळवारी शिकवणारा आणि बुधवारी रात्री शिकवणारी दहा वर्षांत एकमेकांना भेटत नाहीत. चहाच्या वेळी गप्पा मारायला सामायिक खोली नसते. विभागात नेमके किती आणि कोण अर्धवेळ अध्यापक आहेत, याची यादी फक्त कार्यालयाकडे असते. भीती आहेच: पुढच्या सत्रात नाव न घेण्यासाठी कोणाला कारण द्यावे लागत नाही, म्हणून बैठकीत तोंड उघडणे जोखमीचे. या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट असते, जिच्याविषयी कमी बोलले जाते, ती म्हणजे संकोच. शिक्षणक्षेत्राने गुणवत्तेची स्पर्धा प्रामाणिक असल्याची समजूत इतकी खोल रुजवली आहे, की कायम जागा न मिळालेला माणूस ते आपले वैयक्तिक अपयश समजतो आणि शेजारच्या वर्गात तसाच बसलेल्यापासूनही ते लपवतो. जागाच नव्हत्या, हे कळायला आधी दुसऱ्याची पगारपावती पाहावी लागते.

कायम प्राध्यापकांशी असलेले नाते तर आणखी अवघड. ते सहकारी असतात आणि साहेबही असतात. विभागप्रमुख त्यांच्यातला, वर्गवाटप तोच करतो. अनेक विभाग सद्भावनेने अस्थायी अध्यापकांना बैठकांना बोलावतात, स्वागताचा कार्यक्रम करतात, वर्षअखेरीस जेवण देतात. निमंत्रितांतले निम्मे येत नाहीत आणि मग ‘त्यांनाच रस नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात दुपारी तीनच्या त्या बैठकीसाठी कोणाला दुसऱ्या महाविद्यालयातला तास सोडावा लागणार असतो, आणि बैठकीचे पैसे मिळणार नसतात. एएयूपीने २०१२ मध्ये मंजूर केलेल्या अहवालात याच मुद्द्यावर बोट ठेवले: अस्थायी अध्यापकांना विद्यापीठाच्या कारभारात मतदानाचा आणि निवडून येण्याचा हक्क हवा, त्यांनी मांडलेल्या मतांबद्दल सूड उगवला जाणार नाही याची खात्री हवी, आणि या कामाचा मोबदला ज्यांच्या पगारात धरलेला नाही त्यांना तो वेगळा द्यावा. वेळेचे पैसे न देता मागितलेला सहभाग हा आणखी एक फुकट तास ठरतो, ही साधी गोष्ट अनेक चांगल्या उपक्रमांच्या लक्षात उशिरा आली.

संघटनेची सुरुवात विद्यापीठांच्या भिंतींबाहेर झाली. नव्वदच्या दशकात ‘कोॲलिशन ऑफ कंटिंजंट ॲकॅडेमिक लेबर’ या नावाने अमेरिकेतील आणि पुढे कॅनडा व मेक्सिकोतीलही अस्थायी अध्यापक परिषदांसाठी एकत्र येऊ लागले. २००१ पासून ऑक्टोबरच्या अखेरीस ‘कॅम्पस इक्विटी वीक’ पाळला जाऊ लागला. त्यात पथनाट्ये असत, पगाराचे तक्ते भिंतींवर लावले जात, विद्यार्थ्यांना ‘तुमच्या शिक्षकांपैकी कायम किती?’ असे विचारले जाई. २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्यू फॅकल्टी मेजॉरिटी’ या संस्थेने नावातच बाजू मांडली: परिघावरचे समजले जाणारे आता बहुसंख्य आहेत. २५ फेब्रुवारी २०१५ रोजी देशभर ‘नॅशनल ॲडजंक्ट वॉकआउट डे’ झाला. ती हाक सॅन होजे येथील एका अध्यापिकेने निनावी राहून दिली होती. नाव उघड करण्याचे धाडस होत नाही, हेच त्या आंदोलनाचे सर्वांत प्रभावी निवेदन म्हणावे लागेल. काही ठिकाणी वर्ग ओस पडले, बऱ्याच ठिकाणी लोकांनी वर्ग न सोडता त्या तासाला स्वतःच्या नोकरीविषयीच शिकवले.

टिकाऊ बळ मात्र कामगार संघटनांतून आले, आणि त्याला कायद्यातील एका विचित्र वळणाची मदत झाली. १९८० मध्ये येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की खासगी विद्यापीठातील पूर्णवेळ प्राध्यापक अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका ठरवतात, म्हणजे ते व्यवस्थापनाचा भाग आहेत. त्यांना कामगार कायद्याखाली सामुदायिक वाटाघाटीचा हक्क नाही. कायम प्राध्यापकांच्या संघटना खासगी विद्यापीठांत त्यामुळे जवळजवळ थांबल्या. अस्थायी अध्यापकांना मात्र कारभारात काहीच विचारले जात नसल्याने ते व्यवस्थापक ठरत नव्हते. ज्या गोष्टीने त्यांना बाहेर ठेवले, तिनेच त्यांना संघटनेचा हक्क दिला. दुसरी मदत यादीची. केंद्रीय कामगार मंडळाच्या १९६६ च्या एका निर्णयापासून अमेरिकेत संघटनेसाठी मतदान ठरले, की मालकाला पात्र कामगारांची नावे आणि पत्ते द्यावे लागतात. कपड्याच्या कारखान्यावरून झालेला तो निर्णय विद्यापीठांतही लागू पडला. कित्येक ठिकाणी आपण एकूण किती आहोत, हे अध्यापकांना त्या यादीमुळेच पहिल्यांदा कळले.

सर्व्हिस एम्प्लॉइज इंटरनॅशनल युनियन (एसईआययू) ही सफाई कामगार, रुग्णालयातील कर्मचारी यांची मोठी संघटना या क्षेत्रात उतरली, ती शहर हे एकक धरून. एक अध्यापक जर एकाच शहरातल्या तीन महाविद्यालयांत शिकवत असेल, तर एका महाविद्यालयात भांडून त्याचा फारसा उपयोग नाही. शहरातील बहुतेक संस्थांत एकच संघटना असली, तर दर सगळीकडे वर सरकतात आणि माणूस कोठेही गेला तरी सभासद राहतो. वॉशिंग्टन शहरात जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकन आणि जॉर्जटाउन या विद्यापीठांतील अर्धवेळ अध्यापक अशा रीतीने एका शाखेखाली आले. नंतर बॉस्टनमध्ये टफ्ट्स, लेस्ली, नॉर्थईस्टर्न, बॉस्टन विद्यापीठ अशी रांग लागली. विभागाच्या भिंतीत अडकलेल्या लोकांना शहरभराचे सोबती मिळाले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला चित्रकला शिकवणारी भेटली ती वाटाघाटीच्या टेबलावर.

जॉर्जटाउन हे कॅथलिक विद्यापीठ. २०१३ च्या मतदानात त्याने तटस्थ राहायचे ठरवले. पिट्सबर्गच्या ड्यूकेन या दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठाने उलट वाट धरली. तेथील अर्धवेळ अध्यापकांनी २०१२ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेत जाण्याच्या बाजूने मत दिले, तेव्हा विद्यापीठाने धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा काढून कामगार मंडळाचा अधिकारच नाकारला. वाद चालू असतानाच, सप्टेंबर २०१३ मध्ये, तेथे पंचवीस वर्षे फ्रेंच शिकवलेल्या आणि त्याच वर्षी नोकरी संपलेल्या ८३ वर्षांच्या अध्यापिकेचे निधन झाले. कर्करोग, उपचारांचा खर्च, हिवाळ्यात गरम न करता येणारे घर, अशी तिची अवस्था संघटनेच्या वकिलाने स्थानिक वृत्तपत्रात मांडली आणि तो लेख देशभर वाचला गेला. विद्यापीठातील धर्मगुरूंनी तिला मदत देऊ केली होती, हेही पुढे प्रसिद्ध झाले. पण मदत आणि निवृत्तिवेतन यांतला फरक वाचकांना कळत होता. २०२० च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ड्यूकेनच्या बाजूने निकाल दिला. धार्मिक विद्यापीठांतील अध्यापकांसाठी ही वाट तेव्हापासून बरीच अरुंद झाली आहे.

कायम आणि अस्थायी यांनी एका छपराखाली राहावे की वेगळे घर करावे, यावर एकमत नाही. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत दोघांची संघटना एकच. तेथे सहा वर्षे सलग शिकवलेल्या लेक्चररला तीन वर्षांची नेमणूक मिळण्याचा हक्क आहे, उपलब्ध कामात जुन्या माणसाला आधी विचारावे लागते, आणि पूर्ण कार्यभाराच्या ४० टक्के काम असले तरी आरोग्यविमा मिळतो. मिशिगन विद्यापीठातील लेक्चरर मात्र २००३ च्या सुमारास स्वतःची वेगळी संघटना घेऊन उभे राहिले. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत एकत्र संघटनेच्या आतच ताण दिसला. एका अभ्यासक्रमाला सात हजार डॉलर द्या, नाहीतर संप, अशी अर्धवेळ अध्यापकांतील एका गटाची घोषणा होती. २०१९ च्या करारात किमान मोबदला सुमारे ३,२०० वरून टप्प्याटप्प्याने ५,५०० डॉलरवर नेण्याचे ठरले. कायम सभासदांना ही मोठी झेप वाटली, गटातल्यांना तडजोड. या कराराचा पैशांहून कमी चर्चिला गेलेला भाग असा, की विद्यार्थ्यांना भेटण्याचा एक तास पगारी धरला गेला. जो तास बहुतेक अध्यापक तसाही देत होते, तो हिशेबात आला.

एकत्र येण्याची ताकद सर्वांत स्पष्ट दिसली ती न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात. एप्रिल २०२३ मध्ये पूर्णवेळ प्राध्यापक, संशोधक विद्यार्थी, अर्धवेळ लेक्चरर आणि वैद्यकीय शाखेतील अध्यापक, अशा तीन संघटनांतील सुमारे नऊ हजारजण एकाच वेळी संपावर गेले. विद्यापीठाच्या २५७ वर्षांच्या इतिहासात अध्यापकांचा हा पहिला संप. पाच दिवसांनी तो स्थगित झाला तेव्हा अर्धवेळ लेक्चररांच्या दर क्रेडिटच्या मोबदल्यात कराराच्या काळात सुमारे ४४ टक्के वाढ ठरली होती. ज्यांची नोकरी सुरक्षित आहे अशांनी वर्ग थांबवले, म्हणून असुरक्षितांना इतके मिळाले. त्याच्या काही महिने आधी न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये, जेथे जवळजवळ ९० टक्के अध्यापक अर्धवेळ आहेत, या अर्धवेळ अध्यापकांनी एकट्याने तीन आठवड्यांहून अधिक काळ संप चालवून करार मिळवला. म्हणजे एकटे लढता येत नाही असे नाही, पण त्यासाठी संस्थेचा सगळा डोलाराच त्यांच्यावर उभा असावा लागतो.

विद्यापीठांनी स्वतः केलेल्या प्रयत्नांत ‘फॅकल्टी लर्निंग कम्युनिटी’ ही पद्धत पुष्कळ पसरली. ओहायोतील मायामी विद्यापीठात १९७९ मध्ये ती सुरू झाली: आठ-दहा अध्यापकांनी वर्षभर नियमित भेटून अध्यापनातील एखादा प्रश्न घ्यायचा, आपापल्या वर्गात प्रयोग करायचा आणि एकमेकांना सांगायचे. अस्थायी अध्यापकांचे असे गट चालतात ते तीन गोष्टी जुळल्या तर: भेटीची वेळ संध्याकाळची किंवा शनिवारची असते, मानधन असते आणि गटात विभागप्रमुख नसतो. फ्लोरिडातील व्हॅलेन्सिया कॉलेजने आणखी एक पाऊल टाकले. ठरावीक तासांचे अध्यापनविषयक प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या अर्धवेळ अध्यापकाला तेथे वेगळे पदनाम आणि वाढीव दर मिळतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲड्रियाना केझर यांचा ‘डेल्फी प्रोजेक्ट’ २०१२ पासून अशा बदलांची नोंद ठेवतो आणि विभागांना स्वतःची तपासणी करण्यासाठी प्रश्नावल्या पुरवतो. त्यातले प्रश्न अगदी साधे असतात: नव्या अध्यापकाला ग्रंथालयाचे कार्ड पहिल्या दिवशी मिळते का? त्याचा ईमेल सत्र संपल्यावर बंद होतो का? उन्हाळ्यात ईमेल बंद झाला, तर शिफारसपत्र मागणारा विद्यार्थी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि दोन सत्रांमधला सहकाऱ्यांशी असलेला धागाही तुटतो.

विद्यार्थ्यांवर या सगळ्याचा काय परिणाम होतो, याची उत्तरे वरवर पाहता परस्परविरोधी आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील २०१३ च्या एका अभ्यासात पहिल्या सत्रात टेन्युअरच्या वाटेबाहेरच्या अध्यापकांकडे शिकलेले विद्यार्थी त्या विषयात पुढे अधिक चांगले टिकल्याचे आढळले. कम्युनिटी कॉलेजांतील अभ्यासांत मात्र अर्धवेळ अध्यापकांकडे जितके जास्त वर्ग, तितके चार वर्षांच्या विद्यापीठात जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण कमी, असे दिसले. गोंधळ मिटतो तो अध्यापक कोणत्या परिस्थितीत शिकवत होते हे पाहिल्यावर. नॉर्थवेस्टर्नसारख्या श्रीमंत विद्यापीठातील लेक्चरर दीर्घकाळ तेथेच शिकवणारे होते; कम्युनिटी कॉलेजातील अर्धवेळ अध्यापक तास संपताच गाडीकडे धावणारे.

तास मोजण्याचा प्रश्न सरकारी नियमांतही शिरला, आणि तेथे तो गमतीशीर झाला. ओबामांच्या काळातील आरोग्यविमा कायद्याने आठवड्याला ३० तास काम करणाऱ्यांना विमा देणे मोठ्या मालकांवर बंधनकारक केले. वर्गातला एक तास म्हणजे कामाचे किती तास? २०१४ च्या नियमाने उत्तर दिले: सव्वादोन. आठवड्याला बारा तास, म्हणजे चार अभ्यासक्रम शिकवणाऱ्याचे २७ तास भरतात, विम्याच्या रेषेच्या खाली. तरीही अनेक महाविद्यालयांनी धोका नको म्हणून आधीच अर्धवेळ अध्यापकांचे अभ्यासक्रम कमी करून टाकले होते. पुढे सार्वजनिक सेवेतील लोकांचे शैक्षणिक कर्ज माफ करण्याच्या योजनेत हाच प्रश्न आला, तेव्हा अध्यापकांच्या संघटनांनी पाठपुरावा केला होता. जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नियमात वर्गातल्या एका तासाला किमान ३.३५ तास धरले गेले. या हिशेबाने नऊ तासांचे, म्हणजे तीन अभ्यासक्रमांचे काम ३० तासांच्या वर जाते आणि अध्यापक पूर्णवेळ ठरतो. तेच काम, तेच केंद्र सरकार, आणि गणिते दोन.

कॅनडातील व्हँकुव्हर कम्युनिटी कॉलेजचा दाखला अमेरिकेतील कार्यकर्ते वारंवार देतात. तेथे सगळ्यांची वेतनश्रेणी एकच, अर्धवेळ असेल त्याला त्या प्रमाणात पगार. सुमारे दोन वर्षे किमान निम्मा कार्यभार सांभाळला, की माणूस आपोआप नियमित होतो. त्यासाठी नव्याने मुलाखत नाही. सेवाज्येष्ठता दिवसांवर मोजतात. दोन वर्गच नसल्याने ‘त्यांना सामावून कसे घ्यावे’ हा प्रश्न तेथे फारसा पडत नाही. अमेरिकेत इतके दूर कोणी गेलेले नाही. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये मुख्यतः अध्यापन करणाऱ्यांसाठी टेन्युअरची वेगळी वाट उघडली, ही त्या दिशेची एक नोंद घेण्याजोगी पायरी.

भारतात टेन्युअर हा शब्द नाही, पण वर्ग दोनच आहेत. दिल्ली विद्यापीठात ‘ॲड हॉक’ नेमणूक १२० दिवसांची असे आणि मध्ये एक दिवसाचा खंड देऊन ती वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाई. हे अध्यापक तेथील शिक्षक संघटनेचे सभासद आणि मतदार होते, म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांच्याऐवजी अतिथी अध्यापक घेण्याचे पत्रक निघाले, तेव्हा संपूर्ण संघटना डिसेंबरात रस्त्यावर उतरली आणि केंद्रीय मंत्रालयाने हस्तक्षेप केल्यावर ते पत्रक बदलावे लागले. २०२२ मध्ये कायम जागांच्या मुलाखती सुरू झाल्या आणि दहा-बारा वर्षे शिकवलेले कित्येकजण त्यांत बाहेर फेकले गेले; जुन्या माणसाला आधी विचारण्याचे बंधन तेथे कोणी मिळवून ठेवलेले नव्हते.

महाराष्ट्रात या वर्गाला तासिका तत्त्वावरील किंवा ‘सीएचबी’ प्राध्यापक म्हणतात. नेट, सेट किंवा पीएच.डी. झालेला माणूस शैक्षणिक वर्षापुरता, तासांच्या हिशेबाने नेमला जातो; उन्हाळ्यात मानधन नाही, आणि असलेले मानधनही वेळेवर येईल असे नाही. नेमणूक वेगवेगळ्या शिक्षणसंस्थांकडून होत असल्याने एका जिल्ह्यातील सीएचबी प्राध्यापकांचीही एकत्र यादी सहजी मिळत नाही. पात्रताधारकांच्या संघर्ष समित्या पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर आणि मुंबईत आझाद मैदानावर आंदोलने करतात. त्यांची पहिली मागणी रिक्त जागा पूर्ण भरण्याची असते. ती रास्तच आहे. पण कायम नेमणूक मिळाली की माणूस समितीतून बाहेर पडतो, आणि उरलेल्यांसाठी यंदाच्या वर्षाचे नेमणूकपत्र, ओळखपत्र, अनुभवाचा दाखला किंवा परीक्षेच्या कामाचा मोबदला यांवर बोलायला कोणी उरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार कंत्राटी अध्यापक एकूण पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावेत. २०१९ च्या जानेवारीत आयोगाने अतिथी अध्यापकांना दर व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला. जानेवारी २०२५ मध्ये चर्चेसाठी मांडलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात ती १० टक्क्यांची मर्यादा वगळलेली आहे.